साडेबारा ते सव्वादोन

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
पालक-शिक्षक संघ (कनिष्ठ महाविद्यालय विभाग)

विषय : सायकल स्टँडमागे सिगारेट ओढताना सापडलेली तीन मुलं आणि त्यांच्याबद्दल झालेला ठराव.

महोदय,

गेल्या शनिवारी संघाची बैठक झाली तेव्हा मी तिथंच होतो. चहा वाटत होतो. कप मांडताना हात कामात असले तरी कान मोकळेच असतात, त्यामुळे ठराव माझ्याही कानावर पडला. तिघांना पंधरा दिवस कॉलेजात यायचं नाही, पालकांनी हमीपत्र द्यायचं, आणि सोमवारी प्रार्थनेच्या वेळी नावं वाचून दाखवायची. शिवाय व्यसनमुक्ती सप्ताह घ्यायचा, त्यात पोस्टर स्पर्धा. ठराव एकमतानं मंजूर झाला आणि कोणीतरी बिस्किटं मागितली.

मला बोलायचं होतं. पण प्रयोगशाळा परिचरानं बैठकीत तोंड उघडायची आपल्याकडे पद्धत नाही, आणि ती मोडायचं धाडस त्या वेळी झालं नाही. म्हणून लिहितोय. बंद पाकिटात दिलं असतं तर ते आवक-जावक रजिस्टरात चढून तिथंच राहिलं असतं. त्यामुळे सगळ्यांना वाचता येईल असं, उघड लिहितोय. तिघांची नावं मी लिहीत नाही. ती लाउडस्पीकरवर वाचली गेलीच आहेत.

आधी माझं सांगतो, म्हणजे हा कोण शहाणा असं वाटणार नाही. आमचं मूळ संगमनेरकडचं. आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ केलेली टेंभुर्णीची पानं. मापाचा पत्रा पानावर ठेवायचा, कात्रीनं कापायचं, चिमूटभर तंबाखू, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा. बोलता बोलता हात चालायचे. मजुरी हजारावर. वाकडी, सैल झालेली विडी मुकादम छाट म्हणून काढायचा आणि तेवढे पैसे बुडायचे, म्हणून आई अशा विड्या घरीच बाजूला ठेवायची. त्यातली एक मी तेराव्या वर्षी उचलली.

चव घाण होती. ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, पोटात मळमळलं. इथं सगळं संपायला हवं होतं. पण आळीतली तीन मोठी पोरं माझ्याकडे बघत होती, आणि त्यांतला एक जण जरा सरकला. ओट्यावर बसायला त्यानं मला जागा दिली. त्याआधी मी त्यांच्यासमोर उभा असायचो, ते बसलेले असायचे. त्या हातभर जागेसाठी मी दुसऱ्या दिवशी दुसरी ओढली. पुढं विडीची सिगारेट झाली, दिवसाला पाचाच्या पंधरा झाल्या, आणि हे ३२ वर्षं चाललं. २०१७ साली सुटली. ते कसं सुटलं ते पुढं सांगतो.

म्हणजे बैठकीत ज्या गोष्टीवर तुम्ही सगळे बोलत होतात, तिच्याविषयी त्या खोलीत सगळ्यांत जास्त माहिती चहावाल्याला होती.

बैठकीत एक पालक म्हणाले, "या पोरांना परिणाम माहीतच नसतात." साहेब, माहीत असतात. सिनेमाच्या आधी पूर्वी लागायची ती कॅन्सरची जाहिरात त्यांना तोंडपाठ आहे, तिची ते नक्कलही करतात. त्या जाहिरातीतला चोवीस वर्षांचा मुलगा आपल्याच भुसावळचा होता आणि तो खरोखर गेला, हे मी सांगितलं तेव्हा मात्र नक्कल करणारा गप्प झाला होता. शाळेच्या विज्ञानात फुप्फुस असतं, वायुकोश असतात. धुरात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यांतल्या सत्तरेकांनी कॅन्सर होतो, हेही तीच पोस्टरवर लिहितात आणि बक्षीस घेतात. अडाणीपणामुळे पोरं ओढत नाहीत. तसं असतं तर सायन्सची पोरं ओढली नसती.

मग का ओढतात? या कॉलेजात मला सत्तावीस वर्षं झाली. पोरं मला मामा म्हणतात आणि सरांना जे सांगत नाहीत ते टेस्ट ट्यूब धुताना सांगून जातात. त्यातून मला जे दिसलं ते लिहितो.

सुरुवात पुष्कळदा घरातून होते. "जा रे, कोपऱ्यावरनं दोन घेऊन ये." हे सांगणारा बाप वाईट नसतो, दमून आलेला असतो. पण सहा-सात वर्षांच्या पोराला टपरीवर काय मागायचं, कसं मागायचं, उरलेले पैसे कसे मोजून घ्यायचे, हे सगळं त्यानंच शिकवलेलं असतं. हळदीच्या रात्री पान-सुपारी-विडीकाडीचं ताट पाहुण्यांपुढं फिरवायला कोणाच्या हातात देतात? घरातल्या बारक्याच्या. २०१९ साली देशभर तेरा ते पंधरा वयाच्या शाळकरी मुलांची तंबाखूबाबत पाहणी झाली. त्यांतली ८.५ टक्के मुलं तेव्हा कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होती. सिगारेट ओढणाऱ्यांचं सुरुवातीचं मधलं वय निघालं साडेअकरा, विडीचं साडेदहा. म्हणजे आपण ज्यांना अकरावीत पकडतो त्यांच्यातल्या काहींची पाटी पाचवी-सहावीतच गिरवून झालेली असते. आपण उशिरा जागे होतो, आणि जागे झालो की रागावतो.

दुसरं कारण कोणाच्या लक्षात येत नाही, कारण ते फार साधं आहे. आपलं कॉलेज साडेबाराला सुटतं. पावणेएकपर्यंत आपण फाटक लावतो. वाड्यावस्त्यांवरच्या पोरांची एसटी सव्वादोनला. ज्यांना क्लास आहे त्यांचा क्लास अडीचला. या मधल्या वेळात दीडशे-दोनशे पोरं जातात कुठं, हे आपण कधी विचारलं आहे का? बसस्टँडवर बसायला बाकं चार, त्यांवर म्हाताऱ्या माणसांच्या पिशव्या. हॉटेलात बसायचं तर काहीतरी मागवावं लागतं. देवळात दुपारी कुलूप. उरली टपरी. तिच्यापुढं कडुनिंबाची सावली आहे, एक लाकडी फळी आहे, पाण्याचा जार आहे, मोबाइल चार्ज करायला एक पिन आहे. तिथं कोणी "कशाला थांबलास?" विचारत नाही. सोळा वर्षांच्या पोराला माणसासारखं वागवणारी गावातली ती एकमेव जागा आहे हो. टपरीवाला त्याला "काय भाऊ" म्हणतो. घरी तो "गाढवा" असतो आणि आपल्याकडे "रोल नंबर ४७".

आता अशा जागी रोज पावणेदोन तास उभं राहायचं आणि हातात काही नाही. शेजारचा ओढतोय. एक दिवस तो अर्धी पुढं करतो. नाही म्हणणं अवघड नसतं, नाही म्हटल्यावर तिथंच उभं राहणं अवघड असतं. एवढंच आहे ते. मित्रांची संगत वाईट असं आपण म्हणतो, पण संगत ही सावलीच्या जागेवर जमते. जागा दुसरी असती तर हीच पोरं तिथं जमली असती.

आता टपरीकडेच वळतो.

२०१९ मध्ये तंबाखूमुक्त शाळांसाठी केंद्राच्या सूचना आल्या. त्यात एक अशी की, आवाराच्या हद्दीपासून १०० यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेघ मारायची. २००३ च्या कायद्यानं त्या रेघेच्या आत तंबाखूची विक्रीच करता येत नाही. रेघ मारायचं काम माझ्याकडे आलं. जिमखान्यातला लांबउडीचा टेप घेऊन मी आणि शिपाई निघालो. १०० यार्ड म्हणजे ९१ मीटर, टेप ३० मीटरचा, तीनदा टाकला. रेघ निघाली टपरीच्या पलीकडं, चांगली चाळीस पावलं पलीकडं. टपरीवाला आमच्याकडे बघत होता. त्यानं आम्हाला पाणी दिलं. रेघ मारून झाल्यावर फोटो काढले, फोटो वर गेले, शेरा "पूर्तता केली" असा आला. मग कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी महिनाभरात रेघ खाल्ली. टपरी जागच्या जागी आहे.

त्या टपरीवर गल्ल्याशेजारी एक लहानसा दिवा असतो आणि त्याला लागून पत्र्याचा डबा. डब्यात पुठ्ठ्याच्या पट्ट्या. रिकामी पाकिटं उभी कापून त्यानं त्या केलेल्या असतात. गिऱ्हाईक पट्टी घेतं, दिव्यावर पेटवतं, तिनं सिगारेट शिलगावतं, पट्टी खाली टाकतं. मी एकदा खाली पडलेली पट्टी उचलून बघितली. अर्धवट जळलेला गळा होता, कॅन्सरचा. २०१६ पासून पाकिटाचा ८५ टक्के भाग चित्र आणि इशाऱ्यासाठी ठेवावा लागतो, तेच हे चित्र. सरकारनं केवढ्या खटपटीनं छापायला लावलेला इशारा आमच्या चौकात काडेपेटीच्या जागी वापरतात.

आणि पोरांना ते चित्र दिसतच नाही, कारण पोरं पाकीट घेतच नाहीत. पाकिटाला पैसे कुठून येणार? घेतलं तरी लपवणार कुठं? ती सुटी घेतात. एक. कधी दोघांत एक. वडापावाच्या पैशात एक येते, आणि ती बोटांत धरली की चित्र नाही, इशारा नाही, मदतीचा फोन नंबर नाही, कशाचं काही नाही. नुसती पांढरी नळी. सप्टेंबर २०२० मध्ये आपल्या राज्यानं सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली ती नेमकी यासाठी. माझ्या मते तंबाखूबद्दल या राज्यानं घेतलेल्या निर्णयांत हा सगळ्यांत शहाणपणाचा होता, आणि सगळ्यांत कमी पाळला गेलेलाही हाच. (गुटखाबंदीला २०१२ पासून इतकी वर्षं झाली, तिचं काय झालं ते आपल्या जिन्याच्या कोपऱ्यातल्या भिंतीला विचारा. चुना मीच मारतो.)

कायद्याची गंमत अशी की, अठराच्या आतल्या मुलाला सिगारेट विकली तर २००३ च्या कायद्यानं दंड २०० रुपयांपर्यंत. आणि मुलांच्या संरक्षणाचा २०१५ चा जो कायदा आहे त्याच्या कलम ७७ प्रमाणे त्याच गोष्टीला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. गुन्हा एकच. आमच्या गावात मी ना दोनशेची पावती पाहिली, ना सात वर्षं.

पण टपरीवाल्याला आत टाका असं मी म्हणत नाही. त्याचा मुलगा आपल्याच कॉलेजात अकरावी कॉमर्सला आहे. तो पोरगा टपरीकडे फिरकत नाही, बापाची सक्त ताकीद आहे. एकदा मी त्या बापाला विचारलं, "तुझ्या पोरानं मागितली तर देशील का रे?"

पानाला चुना लावता लावता तो म्हणाला, "पोराला कोण देतंय मामा?"

"मग या सगळ्यांना देतोस ते?"

"ही गिऱ्हाईकं."

मला राग आला नाही. कारण हाच शब्द याच्याही आधी, याच्यापेक्षा फार मोठ्या माणसांनी वापरलेला आहे. अमेरिकेत १९९८ मध्ये सिगारेट कंपन्यांशी राज्यांची मोठी तडजोड झाली आणि कंपन्यांच्या आतल्या कागदांचे ढीग लोकांना खुले झाले. त्या कागदांत फिलिप मॉरिस कंपनीचं १९८१ चं एक टिपण आहे. आजचा किशोरवयीन मुलगा हा उद्याचं आपलं संभाव्य कायमचं गिऱ्हाईक आहे, कारण बहुतेक ओढणारे विशीच्या आतच सुरुवात करतात, असा त्याचा अर्थ. कंपनीला हे चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी कळलं होतं. तिथल्या सरकारच्या २०१२ च्या अहवालातही तेच आलं, की रोज ओढणाऱ्या मोठ्या माणसांतल्या दहांपैकी जवळजवळ नऊ जणांनी पहिली सिगारेट अठराच्या आत चाखलेली असते. म्हणजे अठरापर्यंत पोरगं वाचलं तर बहुतेक वाचलं. अकरावी आणि बारावी, ही दोन वर्षं नेमकी आपल्या ताब्यात असतात, आणि त्यांतले रोजचे पावणेदोन तास आपण फाटकाला कुलूप लावून टपरीला देतो.

हे टिपण मी पोरांना सांगतो तेव्हा ती चिडतात. माझ्या अनुभवात कॅन्सरच्या चित्रानं पोरं घाबरत नाहीत, पण कोणीतरी आपल्याला मामा बनवतंय म्हटलं की त्यांना फार लागतं. सोळाव्या वर्षी मरणाची भीती नसते, वेड्यात निघण्याची असते.

मागच्या सप्ताहात आपण केलेला प्रयोग आठवतो ना? प्लास्टिकच्या बाटलीत पाणी, झाकणाला भोक पाडून त्यात सिगारेट खोचलेली, तिच्या बुडाशी कापूस, खालनं पाणी सोडलं की धूर आत ओढला जातो आणि पांढरा कापूस पिवळट-तपकिरी होतो. मांडणी सगळी मीच केली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "मामा, फिल्टरवाली लावा ना, आपण साधी कुठं ओढतो?" सगळे हसले. सर रागावले. पण पोरगं खोटं काय बोललं? त्याच्या मनात कापूस वेगळा आणि छाती वेगळी.

त्यापेक्षा दुसरी गोष्ट कामाला येते. आपली निम्मी पोरं पोलीस भरतीच्या तयारीत आहेत, पहाटे पाचला पाटाच्या रस्त्यावर पळताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, त्याला २० गुण. एका पोरानं मला सांगितलं, तिसऱ्या फेरीपर्यंत बरं असतं, चौथीत पाय जड होतात. दिवसाला किती ओढतोस? म्हणाला, तीन-चार, जास्त नाही. मी त्याला फळ्यावर काढून दाखवलं. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला धरतं त्याच्या दोनशेहून अधिक पटीनं घट्ट ते या वायूला धरतं. म्हणजे एसटीत सीटवर कोणीतरी रुमाल टाकून ठेवावा तसं, ऑक्सिजन येतो आणि उभ्यानं परत जातो. पायाला पोचणार काय? तो म्हणाला, मग किती दिवस लागतील हे उतरायला? हे उतरायला फार वेळ लागत नाही. थांबवलं तर एक-दोन दिवसांत हा वायू रक्तातून जातो. वाढत्या वयात ओढली तर फुप्फुसाची वाढच कमी होते, ते मात्र भरून येत नाही. हे ऐकून त्यानं सोडली का? लगेच नाही. पण पहाटेची सोडली. कोणी काही म्हणो, मी त्याला यश म्हणतो.

"मामा, ओढली की डोकं शांत होतं." हे मी शंभरदा ऐकलं आहे. 'नीट'च्या, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेच्या पोरांकडून जास्त. ही पोरं खोटं बोलत नाहीत, त्यांना खरंच शांत वाटतं. गडबड अशी आहे की झुरका घेतल्यावर दहा-वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं, आणि दोनेक तासांत रक्तातलं अर्धं उतरतं. उतरायला लागलं की चिडचिड, बेचैनी, वाचलेलं डोक्यात न शिरणं. मग दुसरी ओढायची, आणि ती आधीच्या सिगारेटनं बिघडवलेलं थोडं जागेवर आणते. त्यालाच पोरगं शांती म्हणतं. घट्ट चप्पल घालून फिरायचं आणि काढल्यावर किती सुख वाटलं म्हणायचं, तसं आहे ते. सोळाव्या वर्षी मेंदू अजून घडत असतो, विशी ओलांडून पंचविशीपर्यंत घडतो. त्या ओल्या मातीत ही खूण खोल उमटते. माझ्या उमटली होती म्हणून सांगतो. रसायनशास्त्राचं प्रात्यक्षिक दोन तासांचं असतं आणि दीड तास झाला की मी स्टोअररूमच्या मागच्या दाराशी असायचो. माझी भांडी कधी फुटली ती सगळी शेवटच्या अर्ध्या तासात.

मुलींबद्दल बैठकीत कोणी चकार शब्द काढला नाही. २०१९ च्या त्याच पाहणीत तंबाखू घेणारे मुलगे ९.६ टक्के आणि मुली ७.४ टक्के होत्या. फार अंतर नाही. आपल्याकडे मुलगी सापडली तर चर्चा सिगारेटची होणार नाही, तिच्या चालीची होईल, म्हणून ती कोणालाच सांगणार नाही, मदतही मागणार नाही. यावर मॅडम मंडळींनीच बोलावं. मी बोललो तर ते शोभणार नाही.

आणि वेप, म्हणजे ई-सिगारेट. मागच्या वर्षी बाकाखाली एक पेन सापडलं, मला वाटलं हायलायटर आहे. दोन दिवस खिशाला लावून फिरलो. शेवटी एका पोरानंच हळूच सांगितलं, "मामा, ते काढा." आंब्याचा वास यायचा त्याला. २०१९ पासून ती वस्तू बनवायला, विकायला, साठवायला देशात बंदी आहे. तरी आमच्या तालुक्याच्या गावात, अकरावीच्या पोराच्या दप्तरात ती आली. आत निकोटिनच असतं, फक्त वास आणि रंग पोरांच्या आवडीचा. पोस्टरवर सिगारेटला फुली मारतात ना, तिथं याचंही चित्र काढायला सांगा, कारण पुष्कळ पालकांनी ते पाहिलेलंच नाही.

एक अप्रिय गोष्ट. आपल्यातले काही सर मधल्या सुटीत रेघेच्या बाहेर जाऊन ओढतात. नियमाप्रमाणे बरोबर आहे, आवारात ओढत नाहीत. पण पोरं मोजतात. कोण कधी जातं, कोणता ब्रँड, परत येताना कोण बडीशेप खातं. मीही लवंग चघळत यायचो आणि मला वाटायचं कोणाला कळत नाही. नंतर एका माजी विद्यार्थ्यानं सांगितलं, "मामा, आम्ही तुम्हाला लवंगमामा म्हणायचो." तुम्हाला सोडा असं सांगणारा मी कोण? पण हमीपत्रावर पालकांची सही घेताना ज्या हातानं शिक्का मारायचा त्याच्या बोटांना वास येऊ नये, एवढं तरी.

माझी सुटली ती अशी. दुसऱ्या मजल्यावर ॲसिडचा कॅन चढवताना मी जिन्यात दोनदा बसलो. मागून येणाऱ्या पोरीनं तो उचलून वर नेला. बारावीची, किडकिडीत पोरगी. त्या दिवशी ठरवलं. दोनदा ठरवलेलं मोडलं, तिसऱ्यांदा १८००-११-२३५६ या सरकारी मोफत नंबरवर फोन केला. पलीकडच्या बाईंनी उपदेश केला नाही, नुसतं विचारलं की दिवसातली सगळ्यांत अवघड वेळ कोणती. जेवणानंतरची, मी म्हटलं. मग त्या वेळेचं काय करायचं यावरच आम्ही बोललो. पंधरा दिवस मी जेवण झालं की लगेच भांडी घासायला बसायचो. बायकोला वाटलं याला वेड लागलं.

विलायतेत डॉक्टरांच्याच सवयी १९५१ पासून पन्नास वर्षं तपासत गेले. जन्मभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी दहा वर्षांनी कमी भरलं, आणि तिशीच्या सुमारास सोडलेल्यांचं जवळजवळ सगळं परत मिळालं. पोरांना हे सांगितलं की ती लगेच म्हणतात, "मग मामा, तिशीला सोडू की." मी त्यांना सांगतो, माझाही बेत तिशीचाच होता. सुटली पंचेचाळिसाव्या वर्षी.

आता तुमच्या ठरावाबद्दल. पंधरा दिवस कॉलेजबंद म्हणजे काय होतं ते मी रोज पाहतोय. त्या तिघांतले दोघं घरी सांगायला घाबरतात, म्हणून सकाळी डबा घेऊन नेहमीच्या एसटीनं येतात. फाटकाच्या आत येता येत नाही. मग दिवसभर कुठं असतात? त्याच फळीवर. आधी पावणेदोन तास होते, आता सात तास आहेत. तिसरा शेतावर जातो, त्याचं बरं चाललं असावं. प्रार्थनेला नावं वाचल्यानं झालं एवढंच, की आता ती तिघं लपून ओढत नाहीत. लपायचं कारणच राहिलं नाही. आणि ज्यांची नावं वाचली नाहीत, ती पंचवीस-तीस पोरं जास्त हुशारीनं लपतात.

त्यांना उद्याच आत घ्या. हमीपत्र घ्यायचं तर घ्या, पण ते पालकांच्या बरोबर बसून, दार लावून. टपरीवाल्याशी पोलिसांआधी संघाच्या दोन पालकांनी जाऊन बोलावं. तोही पालकच आहे, संघाचा सभासद आहे, वर्गणी भरतो, फक्त त्याला बैठकीला कोणी बोलावत नाही. चहा, बिस्किटं, वह्या, झेरॉक्स यांवर त्याचं दुकान चालू शकतं का याचा हिशोब त्याच्याबरोबर करा. नाही जमलं तर टपरी रेघेपलीकडं न्यायला सांगा, आणि रेघ मी पुन्हा मारतो, या वेळी ऑइल पेंटनं. सुटी विकणं बंद हे मात्र त्याला स्पष्ट सांगा, आणि सांगणाऱ्यानं त्याच दिवशी त्याच्याकडून स्वतःसाठी एक सुटी घेऊ नये.

आणि जिमखान्याचा हॉल. त्यात दोन कॅरम आहेत, एक टेबल टेनिसचं टेबल आहे, त्याची जाळी फाटली आहे ती मी शिवून देतो. पंखे चार, त्यांतले तीन चालतात. तो हॉल साडेबारापासून सव्वादोनपर्यंत कुलूपबंद असतो, कारण "जबाबदारी कोण घेणार" या प्रश्नावर २०१४ च्या बैठकीत चर्चा अर्धवट राहिली होती. तेव्हाही मी चहाच वाटत होतो. पाण्याचा जार ठेवा, चार्जिंगला चार पिना काढा, बाकं मागच्या व्हरांड्यात पडून आहेत ती आत घ्या. तिथं फळ्यावर सुविचार लिहू नका, देखरेख समिती नेमू नका. पोरांना नुसतं बसू द्या. थांबायला मी आहे. माझी ड्यूटी दीडला संपते, पुढच्या पाऊण तासाचा ओव्हरटाइम मला नको.

किल्ली माझ्याकडेच असते, स्टोअररूमच्या खिळ्याला, लाल दोऱ्यात. लेखी आदेश निघायला वेळ लागेल हे मला माहीत आहे. सोमवारी चहाच्या वेळी कोणी नुसतं तोंडी हो म्हटलं तरी मी साडेबाराला हॉल उघडीन.

आपला,
प्रयोगशाळा परिचर
(पोरांचा मामा)